डाव्या हाताची पहिली फेक

दोरी पुढे जायची होती, ती लॅकी मॅक्रेच्या गळ्याभोवती गेली. एक वेढा पडला, दुसरा पडला, आणि टोकाला गळाऐवजी बांधलेला मेंढीच्या लोकरीचा पुंजका त्याच्या कानावर येऊन आपटला. कुंपणाजवळ चरणाऱ्या दोन मेंढ्यांनी मान वर करून बघितलं आणि पुन्हा गवतात तोंड घातलं.

"मागे थांबला नाहीत," ऊना मॅथसन म्हणाली.

"थांबलो होतो."

"नाही थांबलात, मिस्टर मॅक्रे."

"पोरी, मी अडुसष्ट वर्षांचा आहे. मी थांबलो की नाही ते मला कळतं."

ऊना वाद घालत बसली नाही. पुढे येऊन तिने त्याच्या गळ्यातली दोरी सोडवायला घेतली. हे त्याला सगळ्यात जास्त झोंबायचं. डाव्या हातात मासेमारीची काठी धरलेली, उजवा हात कोटाच्या खिशात. तो खिशात आपणहून गेला नव्हता. सकाळी घरातून निघताना लॅकीने डाव्या हाताने उचलून त्याला तिथे ठेवला होता. तेव्हा गळ्यात पडलेलं सोडवायलाही आता दुसरं माणूस लागत होतं. तो आभाळाकडे बघत उभा राहिला आणि ऊनाची थंडगार बोटं मानेला लागत राहिली.

कॅलर नदीवर लॅकी बेचाळीस वर्षं गिली होता. गिलीचं काम म्हणजे सॅमन धरायला आलेल्या पाहुण्यांना नदीवर न्यायचं, त्यांची होडी वल्हवायची, पिसांच्या कुठल्या माशीला आज मासा भुलेल ते सांगायचं, आणि पाहुण्याची फेक चुकली की ती चुकली हेही सांगायचं. हे शेवटचं काम लॅकी अगदी मन लावून करी. सर्जन, न्यायाधीश, एक निवृत्त ॲडमिरल, सगळ्यांचा त्याने मांडीभर पाण्यात उभं करून पाणउतारा केला होता, आणि ती मंडळी दर वर्षी पदरचे पैसे घालून पुन्हा त्याच्याकडेच येत. स्वतः मात्र तो नाकावर माशी बसू देत नसे. सप्टेंबरात त्याला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, पाय जरा ओढायला लागला, जीभ शाबूत राहिली. त्याची बायको जेसी शेजारणींना सांगायची, की एकच काहीतरी जायचं होतं तर हात राहिला असता तरी चाललं असतं.

नदी अकरा फेब्रुवारीला उघडते. त्या दिवशी सकाळी दहाला पुलाखालच्या गोट्यांवर सगळं गाव जमतं, पाइपवाला बॅगपाइप वाजवतो, लाकडी वाटीतली व्हिस्की पाण्यात ओततात, आणि मग कामावर असलेला सगळ्यात जुना गिली वर्षाची पहिली फेक टाकतो. फेक एकच. ती होईपर्यंत नदीत कुणाचीही माशी पडत नाही. आणि एकदा का कुणी ती टाकायचं सोडलं, की तो मान पुढच्या गिलीकडे जातो तो कायमचा. लॅकी एकवीस वर्षं ती फेक टाकत आला होता. त्याच्यानंतरचा गिली हेक्टर.

हेक्टर वाईट माणूस नव्हता, हीच लॅकीची खरी अडचण होती. वाईट असता तर त्याला शिव्या घालता आल्या असत्या. लॅकी आजारी पडल्यावर त्याने न सांगता हिवाळ्याची लाकडं फोडून दारामागे रचून दिली. दर शनिवारी यायचा, टोपी काढून बसायचा आणि आवाज खाली आणून विचारायचा, "कसं वाटतंय, लॅकी?" चाळीस वर्षं नदीच्या या काठावरून त्या काठावर बोंबलून बोलणारा हेक्टर. त्या खाली आणलेल्या आवाजाने लॅकीच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

नाताळाच्या आधी, नदी ज्या इस्टेटीची तिचा मॅनेजर घरी येऊन गेला. भला तरुण होता, बूट दाराबाहेर काढून आला. "या वेळी फेक हेक्टरला टाकू द्या," तो म्हणाला. "तुम्ही शेजारी उभे राहा. वाटी तुम्ही ओता. तेवढं डाव्या हाताने जमेल."

"मी टाकणार," लॅकी म्हणाला.

"पण मिस्टर मॅक्रे, तुमची काठी—"

"मी टाकणार म्हटलं ना. जेसी, याचा कोट दे त्याला."

मॅनेजरचा चहा अर्धा राहिला होता. तो गेल्यावर जेसीने कप उचलला, धुतला, पुसला, कपाटात ठेवला आणि मग नवऱ्याकडे वळली. "कशाने टाकणार?"

हा प्रश्न बरोबर होता. लॅकीची काठी पंधरा फुटांची, दोन्ही हातांनी धरायची. कॅलरवरचे सगळे गिली तीच वापरतात. काठाला पाठीमागे झाडं, म्हणून दोरी कधी मागे जाऊच द्यायची नाही. समोरच्या समोर पाण्यावरून ओढून, वळसा देऊन, पुन्हा समोर सोडायची. लॅकीच्या हातून ती अशी सुटायची की पाहुणे स्वतःच्या काठ्या खाली ठेवून बघत राहायचे. एका हाताने ती काठी नुसती उचलायची म्हटली तरी मनगट थरथरायला लागलं. त्याने जानेवारीत एकदा कोठारात जाऊन बघितलं, कुणी नसताना. मग भिंतीला लावून ठेवली आणि बराच वेळ तिथेच बसून राहिला.

उरली एका हाताची नऊ फुटी काठी. ती ट्राउटसारख्या पोरकट माशांसाठी, तळ्यावरच्या हौशी लोकांसाठी. लॅकी तिला आयुष्यभर चहा ढवळायचा चमचा म्हणत आला होता. आणि तो चमचा नीट कसा चालवायचा हे गावात एकाच माणसाला ठाऊक होतं. त्या माणसाशी लॅकी सहा वर्षं बोलला नव्हता.

ऊना पोस्टातल्या मॅथसनबाईंची मुलगी. पंधरा वर्षांची असताना ती लॅकीकडे आली होती, मला शिकवा म्हणून. लॅकीने तिला एक सकाळ दिली. दुपारपर्यंत तिची एकही दोरी सरळ पडली नाही, तेव्हा त्याने काठावर बसलेल्या चारपाच जणांना ऐकू जाईल असं सांगितलं, की हिचे हात कोंबडीचे आहेत, हिला अंडी गोळा करायला पाठवा. लोक हसले. ऊना घरी गेली आणि पुढे गाव सोडून दक्षिणेकडे गेली. तिकडे कुणाकुणाकडून शिकली, परीक्षा दिल्या, आणि पस्तिशीत, सहा वर्षांपूर्वी, परत येऊन घरामागच्या कुरणावर नवशिक्यांना चमचा चालवायला शिकवू लागली. लोक लांबून येत. लॅकी तिच्या घरावरून जाताना दुसऱ्या बाजूला बघून जायचा.

तिच्याकडे जेसी गेली. काय बोलली कोण जाणे, परत येऊन एवढंच म्हणाली, "उद्या नऊला. उशीर केलेला तिला चालत नाही."

तेव्हापासून हे चाललं होतं.

"काठी कानापाशी आली की थांबवायची," ऊना सांगायची. "थांबवायची म्हणजे हात थांबवायचा. दोरी मागे जात असते, तिला जाऊ द्यायचं. ती मागे सरळ झाली की मग पुढे. आधी नाही."

"मासे मागे नसतात."

"हे तुम्ही काल पण म्हणालात."

"मग आजही नाहीत."

सगळं घोडं इथेच अडलं होतं. बेचाळीस वर्षं ज्याने दोरी पाठीमागे जाऊ दिली नाही त्याला आता आधी मागेच फेक म्हणत होते, आणि वर तिथे थांब म्हणत होते. डोक्याला कळत होतं. पाहुण्यांना हे त्याने स्वतःच शेकडो वेळा ओरडून सांगितलं असतं. पण काठी कानापाशी आली रे आली की आतून काहीतरी ढकलायचं, चल, पुढे, पाणी समोर आहे. हात निसटायचा, दोरी मागच्या मागे चाबकासारखी फाटकन वाजायची आणि लोकरीचा पुंजका तुटून गवतात जायचा. मग ऊना कुंपणाच्या तारेला अडकलेली लोकर ओढून आणायची आणि नवा पुंजका बांधायची. पहिल्या दिवशी अकरा पुंजके गेले. लॅकीने मोजायचं सोडून दिलं.

तिसऱ्या दिवशी तिने त्याच्या डाव्या काखेत, कोपराच्या वर, स्तोत्रांचं जाडजूड पुस्तक खोचलं. "कोपर उडतंय. पुस्तक पडलं की समजायचं उडलं."

"हे तुझ्या दक्षिणेकडच्या शहाण्यांनी शिकवलं वाटतं."

"हे तुम्ही शिकवलंत. त्या सकाळी."

लॅकीने काठी उचलली. पुस्तक दुसऱ्याच फेकीला चिखलात पडलं. त्याने वाकून उचलायचा प्रयत्न केला, पाय ओढला गेला, तोल गेला, आणि ऊनाने त्याचा दंड धरला. तिने पुस्तक पुसलं आणि पुन्हा खोचलं. कुठलाही टोमणा मारला नाही. तिने टोमणा मारावा असं लॅकीला इतकं वाटलं की त्याने दातओठ खाऊन मुद्दाम वाईट फेकलं.

रविवारचा प्रश्न निराळाच निघाला. कॅलरवर रविवारी कुणी काठी हातात घेत नाही. ते नदीच्या कायद्यातही बसत नाही आणि चर्चच्या हिशेबातही नाही. जेसीच्या घरात तर रविवारी कपडेसुद्धा वाळत पडत नसत. पण अकरा तारखेपर्यंत पाचच रविवार होते, आणि पाच दिवस वाया घालवणं लॅकीला परवडणारं नव्हतं.

"गळ नाही," तो जेवताना म्हणाला. "पाणी नाही, मासा नाही. गवत आहे आणि लोकर आहे. मेंढरं हाकणं रविवारी चालतं ना?"

"तू मेंढरं हाकतोयस का?"

"दोन होती तिथे काल."

"लॅकी मॅक्रे, देवाला फसवायला निघालायस ते निघालायस, मला फसवू नकोस." जेसीने त्याच्या ताटात बटाटे वाढले. "आणि तिला विचारलंस का? तिलाही रविवार असतो."

ऊनाने नाही म्हटलं. कारणही सांगितलं नाही. लॅकी तो सबंध दिवस खिडकीत बसून चरफडत राहिला, आणि संध्याकाळी जेसीला दिसेल न दिसेल असा स्वयंपाकघरातला लांब लाकडी चमचा कानापाशी नेऊन थांबवत राहिला. जेसीने पाठ फिरवून भांडी घासली आणि जे दिसलं ते दिसलं नाही असं ठरवलं.

दुसऱ्या आठवड्यात दोरीचं नवीन लचांड उभं राहिलं. एका हाताच्या काठीलासुद्धा दुसरा हात लागतो. काठी एका हातात, दोरीची सुटी बाजू दुसऱ्या हातात. ती ताणून धरली नाही तर दोरी ढिली पडते आणि सगळी फेक विरून जाते. ऊनाने दोन दिवस विचार केला. मग म्हणाली, "दातात धरा."

"काय?"

"दोरी. दातात धरा. ताण बसेल."

धरली. ताण बसला. दोरी पहिल्यांदाच जराशी जिवंत झाली. पण दातात दोरी असली की बोलता येत नव्हतं आणि शिव्या देता येत नव्हत्या, आणि लॅकीच्या रागाला इतकी वर्षं जो एक रस्ता होता तोच बंद झाला. ऊना शांतपणे म्हणायची, "थांबला नाहीत. कोपर. मनगट मोडलं. पुन्हा." आणि तो नाकाने फुत्कार टाकत उभा. एकदा जेसी डबा घेऊन कुरणावर आली. नवरा दातात दोरी धरून मुकाट उभा आहे आणि बाई त्याला सुनावते आहे हे बघून ती कुंपणाला टेकून जरा जास्तच वेळ थांबली.

फेब्रुवारी लागला तरी दहातल्या आठ फेकी पायाशी गोळा होत. उरलेल्या दोन जेमतेम सरळ पडत, पण कुठल्या दोन आणि का, ते लॅकीला कळत नसे. तेच त्याला खात होतं. चुकलेली फेक त्याला लांबून, आवाजावरून ओळखता यायची. दुसऱ्याची. स्वतःच्या डाव्या खांद्यात काय बिघडतंय ते मात्र अंधारात चाचपडल्यासारखं वाटायचं. तो रात्री पाठीवर पडून डाव्या हाताला समजावत असे, की अरे, इतकी वर्षं तू शेजारीच होतास ना, काही बघितलं नाहीस का?

तीन तारखेला वारा उलटा फिरला. सकाळपासून एकही फेक धड गेली नव्हती. चाळिसाव्या का पन्नासाव्या वेळी दोरी पुन्हा मानेभोवती आली आणि ऊना ती सोडवायला पुढे झाली.

"हात लावू नको," लॅकी म्हणाला. दातातली दोरी सुटली होती. "तुला मजा येतेय ना? सव्वीस वर्षं वाट बघत होतीस. घे, बघून घे. बोलाव सगळ्यांना."

"काठी खाली ठेवा. आज पुरे."

"तुला शिकवताच येत नाही. पाहुण्यांकडून पैसे घ्यायचे आणि त्यांना गवतावर नाचवायचं, एवढंच येतं." आणि त्याने काठी भिरकावली. डाव्या हाताने भिरकावली तरी ती बरीच लांब गेली, आणि पडताना तिचं बारीक टोक कुंपणाच्या खांबावर आपटून मोडलं. तो आवाज दोघांनीही ऐकला.

ऊनाने आधी काठी उचलून आणली. मोडलेलं टोक खिशात घातलं. मग ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली, आणि तिचा आवाज चढला नाही, नुसता कोरडा झाला.

"मला मजा येत नाहीये, मिस्टर मॅक्रे. मला वैताग आलाय. त्या सकाळी तुम्ही काखेत पुस्तक खोचलंत, पण ते का पडतंय, काय चुकतंय, ते एकदाही सांगितलं नाहीत. चुकतंय एवढंच सांगितलंत, चार तास. मी बारा वर्षं मानत होते की माझे हातच वाईट आहेत. हात चांगले होते. तुम्ही वाईट शिकवलंत. आता मी तुम्हाला प्रत्येक वेळी नेमकं सांगते काय चुकतंय, आणि तुम्ही ऐकत नाही. तेव्हाही दोष माझा नव्हता आणि आत्ताही नाही."

काठी कुंपणाला टेकवून ती घरात गेली. लॅकी मेंढ्यांबरोबर उभा राहिला. गळ्यातली दोरी त्याने एका हाताने सोडवली. वीस मिनिटं लागली.

दोन दिवस तो गेला नाही. घरात जेसी त्याच्याशी बेताचंच बोलली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने त्याच्यापुढे लापशीचा वाडगा आदळला. "तिला खूप वाईट वागवलंस तू तेव्हा. मी तिथे होते. मीही हसले होते, मला अजून लाज वाटते. तुला वाटते का?"

"वाटते," लॅकी म्हणाला. वाडग्याकडे बघत म्हणाला, पण म्हणाला.

"मग हे मला सांगून काय उपयोग?"

तो नऊला ऊनाच्या फाटकाशी जाऊन उभा राहिला. फाटक उघडून आत जाण्याचा त्याला धीर होईना आणि परत फिरायचंही नव्हतं. पाऊणएक तास झाला. पावसाची बारीक भुरभुर टोपीवर साचत राहिली. शेवटी दार उघडून ऊना बाहेर आली, हातात दुसरी काठी घेऊन.

"तुझे हात चांगले होते," लॅकी म्हणाला. "मला शिकवता येत नव्हतं. टाकता येत होतं, तेवढ्यावर मी चाळीस वर्षं काढली."

ऊना त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने काठी त्याच्या हातात दिली. "दातात धरा," एवढंच म्हणाली. डोळे पुसल्यासारखं केलं, पण पाऊसही होताच.

त्या दिवशी, अकराच्या सुमाराला, एकदा ते झालं. काठी कानापाशी आली, थांबली, आणि मागे कुठेतरी, पाठीमागच्या हवेत, दोरीने काठीला हलकेच ओढलं. कुणीतरी मागून बाही ओढावी तसं. लॅकीने हात पुढे नेला आणि दोरी त्याच्या डोक्यावरून निघून, उलगडत, गवतावर सरळ जाऊन पडली. तो दातात दोरी तशीच धरून उभा राहिला. आयुष्यात पाठीमागून असं काही त्याला जाणवलं नव्हतं. ऊना म्हणाली, "ती ओढ कळली? तिच्यासाठीच थांबायचं असतं." पुढच्या दहा फेकींत ती ओढ पुन्हा आली नाही. संध्याकाळपर्यंत दोनदा आली. दहा तारखेपर्यंत तिसातल्या दहाबारांना यायला लागली, आणि लॅकीला वाटलं की एक फेक टाकायची आहे, एकच, तेवढी तर येईलच.

अकरा तारखेला पाण्याच्या कडेला बर्फाची पातळ साय होती. पुलाखाली दीडदोनशे माणसं जमली होती. पाइपवाल्याची बोटं गारठून दोन सूर चुकले, मॅनेजरने वाटी ओतली, आणि लॅकी पाण्याच्या कडेला गोट्यांवर जाऊन उभा राहिला. हातात नऊ फुटी काठी बघून कुणी काही बोललं नाही. एरवी या काठावर कुणी नवी टोपी घालून आला तरी वर्षभर चिडवतात.

लॅकीने दोरी दातात धरली. काठी उचलली. ती कानापाशी आली, आणि समोर ते काळं पाणी होतं, खडकामागचा तो डोह, जिथे एकवीस वर्षं त्याने दर अकरा फेब्रुवारीला माशी अलगद ठेवली होती. तो थांबला नाही. डोक्याला कळत असून थांबला नाही. दोरी मागे फाटकन वाजली आणि सगळीच्या सगळी, वेटोळं होऊन, त्याच्या पायापासून चार हातांवर पाण्यात पडली. प्रवाहाने ती त्याच्याच बुटांवर आणून घातली.

मग हेक्टरने टाळी वाजवली. त्याच्यामागून सगळ्यांनी वाजवली.

लॅकीला या काठावरच्या सगळ्या वाईट फेकी आठवत होत्या. ॲडमिरलने स्वतःच्या बायकोची टोपी गळाला लावली होती तेव्हा लोक गोट्यांवर लोळून हसले होते, आणि सगळ्यात मोठ्याने लॅकी. हेक्टर एकदा पाण्यात बसला तेव्हा तीन वर्षं त्याला बदक म्हणत होते. या नदीवर वाईट फेकीला कुणी टाळ्या वाजवत नाही. टाळ्या ऐकताना लॅकीला स्वच्छ कळलं, की आपण यांच्या हिशेबातून गेलो. ज्याच्याकडून काही अपेक्षा राहिलेली नसते त्यालाच लोक असं सांभाळून घेतात. त्याने दातातली दोरी आणखी घट्ट आवळली.

"थांबला नाहीत," मागून आवाज आला.

टाळ्या विस्कळीत होऊन थांबल्या. कुणीतरी "श्श" केलं. ऊना गर्दीतून वाट काढत गोट्यांवरून खाली आली, खिशात हात घालून, रोज कुरणावर यायची तशी.

"अजिबात थांबला नाहीत. खडकाकडे बघत होतात. काढा दोरी, पुन्हा टाका."

"ऊना," हेक्टर हळू आवाजात म्हणाला, "एकच असते. रीत आहे. जाऊ दे ना त्याला."

"रीतीची झाली की. ही शिकवणी आहे."

लॅकीने दोरी गोळा केली. बोटं बधिर झाली होती, वेळ लागला, आणि दोनशे माणसं त्याच्याकडे बघत उभी होती. त्याने टाकली. या वेळी थांबला, पण उगाच जास्त थांबला. दोरी मागे गोट्यांवर पडली आणि पुढे आलीच नाही.

"आता जास्त थांबलात," ऊना म्हणाली.

पुढच्या रांगेतली एक बाई फिसकन हसली. मग आणखी कुणी हसलं. लॅकीने मान वळवून बघितलं. हेक्टर मात्र हसला नाही. तो पुढे आला, लॅकीच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच खालच्या आवाजात म्हणाला, "छान झालं, लॅकी. खरंच. चल, सूप गरम आहे. पुढल्या वर्षी बघू आपण काय ते."

लॅकीने दातातली दोरी काढली. खांद्यावरचा हात त्याने झटकला नाही, नुसता बाजूला केला.

"पुढल्या वर्षी तू टाक, हेक्टर," तो म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला. "मला अजून येत नाही."

एकदा सोडलेला मान परत येत नाही हे तिथे उभ्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि लॅकीला तर सगळ्यात जास्त. वर बांधावर उभ्या जेसीने ओठ घट्ट मिटून घेतले. मॅनेजर काहीतरी समारोपाचं बोलायला पुढे झाला आणि रिकामी वाटी हातात घेऊन पुन्हा मागे सरकला.

"आणि बाजूला सरका सगळे," लॅकी म्हणाला. "दोरी मागे येते."

माणसं दोन्ही बाजूंना सरकली, कुणी टोपी धरली, कुणी शेजाऱ्याला ओढून घेतलं. लॅकी ऊनाकडे वळला. "खडकाकडे बघायचं नाही, मग कुठे बघायचं?"

"मागे. मान वळवून मागे बघा. दोरी सरळ झालेली दिसू दे, मगच पुढे."

त्याने नदीकडे पाठ केल्यासारखी मान वळवली आणि काठी उचलली.